डब्यात खुळखुळणारा ससाणा

रविवारी सकाळी सात वाजता काशिनाथ सबनिसांनी दार उघडलं, तर पायरीवर एक पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर शिसवी डबा, आणि डब्याला टेकून मुन्ने मियाँ.

"साहब, आप जाँचवाले हैं ना?" म्हाताऱ्यानं विचारलं. "ज़रा इसे जाँच दीजिए. मेरा बाज दुबला हो गया है."

काशिनाथ कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात होते. दिवसभर माल मोजायचा आणि बहुतेक वेळा परत पाठवायचा, हा त्यांचा धंदा. अख्खी पिपलानी वसाहत त्यांना पाठीमागे 'नापास सबनीस' म्हणत असे. पण पितळेचा ससाणा वाळल्याची तक्रार त्यांच्याकडेही आजवर आली नव्हती.

"आत या," ते म्हणाले.

"नहीं साहब. पहले देखिए, फिर जो कहना हो कहिए."

डब्यात लाल मखमल होती. तळाच्या लाकडात एक गोल खाच कोरलेली होती आणि तिच्यात पंख मिटून बसलेला वीतभर ससाणा. मुन्ने मियाँनी डबा कानाशी धरून हलवला. ससाणा खुळखुळला.

"तीस बरस हर रात इसी में रखा. खट से बैठता था. निकालने को अँगूठे का ज़ोर लगता था. अब सुनिए."

"लाकूड सुकलं असेल, मियाँ. लकड़ी सूख गई होगी."

"तीस गरमियाँ देखी हैं इस डिब्बे ने. इसी साल सूखेगी?"

काशिनाथांनी चष्मा पुसला.

हा ससाणा म्हणजे एका मोटारीच्या रेडिएटरचं झाकण. एकोणीसशे साठ साल चालू होतं. राज्य नवं, राजधानी नवी, कारखाना नवा, क्वार्टरं तर इतकी कोरी की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. अशा पिपलानीत जुनी वस्तू एकच होती, ती म्हणजे नरहर गुप्त्यांची अठ्ठावीस सालची विलायती गाडी. एका जहागीरदारांची. जहागिरी गेल्या, जहागीरदारही गेले, आणि त्यांच्या बेगमसाहेबांनी गाडी विकली ती एका अटीवर. मरताना जहागीरदार म्हणून गेले होते, की झाकणावरचा बाज मुन्नेला द्यायचा. गाडी रस्त्यावर धावली की बाज त्याचा. गाडीबरोबर तिचे जुने ड्रायव्हर मुन्ने मियाँही आले आणि गुप्त्यांच्या गॅरेजमागच्या खोलीत राहिले. दीड वर्ष त्या दोघांनी मिळून गाडी उभी केली.

दोन आठवड्यांपूर्वी, कोजागिरीला, नरहररावांनी शब्द पाळला. सगळ्या शेजाऱ्यांदेखत, मसाला दुधाचे पेले हातात असताना, ससाणा मुन्ने मियाँच्या हवाली केला आणि गाडीवर त्याची हुबेहूब नक्कल बसवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशिनाथांनीही वाजवल्या होत्या.

"मग दोन आठवडे गप्प का बसलात?"

"सोचा, बूढ़ा हूँ, हाथ काँपते हैं, मेरा ही वहम होगा. कल शाम रहा नहीं गया. गुप्ते साहब से कह दिया, ये मेरा बाज नहीं. चार लोग खड़े थे. साहब बिगड़ गए. बोले, असली तूने चौक में बेच दिया और ये बनवा लाया. पाँच बजे तक कमरा खाली कर, नहीं तो पुलिस."

म्हाताऱ्याचा आवाज इथवर नीट होता. पुढे फुटला.

"बाज गया तो गया, साहब. लेकिन यहाँ का बच्चा-बच्चा मुझे सलाम करता है. शाम से वही चोर कहेगा. इस उमर में ये मुँह लेके किधर जाऊँ?"

काशिनाथांना गलबलल्यासारखं झालं आणि त्याचा त्यांना रागही आला. त्यांनी ससाणा उचलून भिंग लावलं. पिसं सुबक. डोळे सुबक. शेपटाखाली मात्र टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं, पिवळसर मातीनं बुजलेलं. त्यांनी टाचणीनं थोडी माती उकरली, ओल्या रुमालाला पुसली आणि रुमाल खिशात कोंबला. ओतकामाच्या साच्याची माती असावी, असं त्यांनी मनाशी धरलं. खाचेचं माप घेतलं, ससाण्याच्या तळाचं, उंचीचं, चोच ते शेपटाचं घेतलं आणि कागदावर टिपलं. तळ खाचेपेक्षा चांगला एक मिलिमीटर लहान होता.

भोकाबद्दल ते कोणालाच काही बोलले नाहीत.

"सुचेता, मियाँना चहा दे. आणि यांना पाचाच्या आत कुठे हलू देऊ नकोस!" आत बायकोला ओरडून सांगत त्यांनी शर्ट बदलला आणि सायकल काढली.



गुप्त्यांच्या गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि गाडी उन्हात नुसती लखलखत होती. नरहरराव वाकून मडगार्ड पुसत होते.

"या, काशिनाथराव. तो म्हातारा तुमच्याकडे गेला वाटतं? माझं चुकलं, मी माणसावर विश्वास टाकला!"

"कोजागिरीला तुम्ही त्याला दिलात तो मूळचाच होता?"

"मला विचारता? मला?" नरहररावांचा आवाज चढला. "हे मडगार्ड बघा. सहा महिने ठोकून सरळ केलं. नवं पत्र्याचं दोन दिवसांत मिळत होतं. दिव्याची काच तडकली, तर कलकत्त्याच्या भंगारातून जोडीची शोधली. गोपीनाथ म्हणायचा, 'भाऊजी, नवं ओतून घ्या ना, कोणाला कळतंय?' मी म्हटलं, मला कळतं! मूळचा पार्ट मोडका असला तरी तो गाडीचा. नक्कल कितीही देखणी असो, ती उपरीच."

हे सगळं खरं होतं. हा माणूस एका मूळच्या स्क्रूसाठी जेवण टाकून अंगणात गुडघ्यांवर रांगताना साऱ्या गल्लीनं पाहिला होता.

"मग गाडीवर नक्कल कशी चालली?"

"शब्द दिला होता ना. काळजावर दगड ठेवला."

"नक्कल कोणी केली?"

"गोपीनाथनं. जहांगीराबादेत एक छोटी फाउंड्री आहे, तिथं. पितृपक्षात मूळचा ससाणा घेऊन गेला, तो कोजागिरीच्या दुपारी दोन्ही घेऊन आला. तोपर्यंत माझ्या घरात ससाणा नव्हताच."

"घरी आल्यावर अदलाबदल?"

"शक्यच नाही. एक मी गाडीवर बसवला, दुसरा संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याला दिला."

"गाडीवरचा जरा काढता? मोजतो."

नरहररावांनी आनंदानं झाकण फिरवून हातात दिलं. काशिनाथांनी तळ मोजला, उंची मोजली, चोच ते शेपूट मोजलं. मग मुन्ने मियाँच्या ससाण्याची मापं लिहिलेला कागद बाजूला धरला. सगळी मापं तंतोतंत जुळली.

"बघा!" नरहररावांनी मांडीवर थाप मारली. "केसाचाही फरक नाही. हा नक्कल, तो असल, आणि दोन्ही सारखे. म्हातारचळ लागलाय त्याला."

काशिनाथांनी मान डोलावली आणि सायकलवर बसले. पण फाटकाबाहेर पडताना त्यांना उगाच बेचैन वाटत होतं. मापं जुळली की इन्स्पेक्टरचं समाधान व्हायला हवं. यांचं होईना.



गोपीनाथ म्हणजे नरहररावांचा मेव्हणा, रत्नप्रभावहिनींचा धाकटा भाऊ. फाउंड्री खात्यात नवा लागलेला, राहायला बॅचलर होस्टेलात. अकरा वाजले तरी तो खाटेवर लोळत होता.

"ससाण्याचा साचा कसा केलास?"

"मूळचाच ससाणा मातीत दाबला, काढून घेतला, त्या पोकळीत पितळ ओतलं. वेगळं पॅटर्न, नमुना, कोण करत बसतो?"

"आणि झाकणाचे आटे?"

"ते नंतर लेथवर कापले. म्हणून तर ढिलं न होता फिट्ट बसलं."

"पहिल्याच ओतात माल पास झाला?"

गोपीनाथ उठून बसला. उशी नीट केली. मग पुन्हा विस्कटली.

"पहिला जरा फसला."

"काय फसलं?"

"किरकोळ हो. हवा अडकते कधी कधी. तो वितळवला."

"तू वितळवलास?"

"म्हणजे... वितळवायचा म्हणून... वितळला असेल की! काका, तुम्ही काय ऑफिसात असल्यासारखे विचारता?"

"कोजागिरीला दोन्ही ससाणे तूच आणलेस?"

"हो. एक मूळचा, एक दुसऱ्या ओताचा. दोन्ही भाऊजींच्या हातात दिले. आता तरी पास करा!"

काशिनाथांनी खोलीभर नजर टाकली. दाढीचं सामान, क्रिकेटची बॅट, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात धुवायच्या कपड्यांचा ढीग. देवाची तसबीर कुठे नव्हती.

"दसऱ्यालाही इथं असाच लोळत होतास? काही पूजाबिजा?"

"इथं कसली पूजा? हळद पाहायची तर मेसच्या वरणात, आणि तीही नशीब असेल तर."



घरी आले तर सुचेताबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. सकाळी काशिनाथांनी बदललेल्या शर्टाच्या खिशातला रुमाल त्यांच्या हातात होता.

"अहो, रुमालाला हळद कुठे लावून घेतलीत?"

"हळद नाही, साच्याची माती आहे ती."

"माती साबणानं लाल होते होय? हे बघा. पिवळा डाग होता, साबण लावला आणि लालभडक झाला. पंचवीस वर्षं तुमचे वरणाचे शर्ट धुतेय मी. मला शिकवू नका!"

काशिनाथ रुमालाकडे बघत उभेच राहिले. पान वाढून ठेवलं होतं, ते जेवले नाहीत. ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर, अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुन्ने मियाँ ट्रंकेवर बसून त्यांच्याबरोबर मान फिरवत होते. घड्याळात दोन वाजले, तीन वाजले. मध्येच काशिनाथ थांबले.

"सारखे आहेत," ते मोठ्यानं म्हणाले. "अरे, सारखे आहेत हीच तर बोंब आहे!"

"काय झालं?" सुचेताबाई बाहेर आल्या.

"चप्पल घाल. गुप्त्यांकडे जायचंय. मियाँ, डिब्बा लीजिए. और बाज भी."



पाचाला दहा मिनिटं कमी होती. गुप्त्यांच्या अंगणात नरहरराव हाताची घडी घालून उभे होते. काशिनाथांनी निरोप पाठवल्यामुळे गोपीनाथही आला होता. कालचे चार शेजारी तर आमंत्रणावाचूनच हजर होते. रत्नप्रभावहिनी दारात होत्या.

"पोलिसांना बोलावू का, काशिनाथराव?" नरहररावांनी विचारलं.

"बोलवा. पण आधी दोन प्रश्न. वहिनी, यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा केलीत?"

"केली तर! दरवर्षी करते. यांची हत्यारांची पेटी उघडून मांडली. पाने, हातोडे, कानस, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं."

"आणखी काय होतं पेटीत?"

"आणखी?" वहिनी आठवू लागल्या. "तो ससाणा होता की. फडक्यात गुंडाळलेला. म्हटलं, हाही यांचा जीव की प्राण, यालाही वाहावं. पालथाच पडला होता, तसंच वाहिलं. शेपटाखाली बारीकसं भोक होतं, माझ्या बोटाला लागलं. मी मनात म्हटलंसुद्धा, एवढी विलायती वस्तू आणि भोक कसं..."

"रत्ना, तू आत जा," नरहरराव म्हणाले.

पण आता कोणीच कुठे जाणार नव्हतं. काशिनाथांनी ससाणा उलटा करून शेजाऱ्यांपुढे धरला. शेपटाखालचं भोक सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं.

"या भोकाबद्दल मी सकाळपासून कोणापाशी चकार शब्द काढला नाही. वहिनींना ते ठाऊक आहे, कारण त्यांनी याच ससाण्याला हळद वाहिली. वरची पुसली गेली, भोकातली राहिली. हिच्या साबणानं ती लाल झाली."

"हळद काय त्याच्या कालवणात नसते?" नरहररावांनी मुन्ने मियाँकडे बोट केलं.

"असते. म्हणून तर रुमालावर भिस्त न ठेवता वहिनींना विचारलं. आता तुम्ही सांगा. पितृपक्षापासून कोजागिरीपर्यंत घरात ससाणा नव्हता म्हणालात. मग खंडेनवमीला पेटीत होता तो कुठला? मूळचा तेव्हा जहांगीराबादेत होता. गोपीनाथ, पहिल्या ओतात कुठे हवा अडकली होती?"

गोपीनाथनं खाली मान घातली. "शेपटाखाली."

"आणि तो वितळवला कोणी?"

"भाऊजी म्हणाले, दे माझ्याकडे, मी टाकतो भट्टीत. मी विचारलं नाही, काका. आईशप्पथ, मला वाटलं टाकला असेल. ताईच्या घरची गोष्ट, आपण कशाला उकरा..."

"थांबा हो," एक शेजारी म्हणाला. "म्हणजे मियाँकडचा नक्कल. मग गाडीवरचा मूळचा का?"

"मीही तिथंच अडकलो होतो. नरहरराव, तुम्ही विजेचे इंजिनियर. ओतकामाचा एक नियम तुम्हाला ठाऊक नव्हता. तापलेलं पितळ थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न नेहमी थोडं मोठं करतात. या आळशी पोरानं मूळचाच ससाणा साच्यात दाबला. त्यामुळे त्यातून निघालेली प्रत्येक नक्कल मूळच्यापेक्षा लहानच असणार. असल आणि नक्कल सारखी निघणं शक्यच नाही! आणि हे दोन तर तंतोतंत सारखे. म्हणजे एकाच आईची लेकरं. दोन्ही नकला."

काशिनाथांनी मुन्ने मियाँकडे हात केला.

"हा म्हातारा सकाळी म्हणाला, बाज दुबला हो गया. मी मनात हसलो. पण त्याच्या अंगठ्याला तीस वर्षांचं माप पाठ होतं. माझ्या हत्यारापेक्षा तो अंगठा अचूक निघाला." काशिनाथांनी आवाज खाली आणला. "मूळचा कुठे आहे, नरहरराव?"

नरहररावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. त्या रडत होत्या. मग ते आत गेले. कुलूप उघडल्याचा, कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात मूळचा ससाणा होता.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "गाडीचा एकेक खिळा जपला मी. आणि तिचं डोकं काढून देऊन टाकायचं? गाडीवर ठेवला असता तर यानं ओळखला असता. म्हणून कपाटात ठेवला. रोज रात्री काढून बघायचो. नुसता बघायचो हो. विकणार नव्हतो."

"ते कळतं मला," काशिनाथ म्हणाले. "चांगलं कळतं. पण त्यासाठी या माणसाला चोर केलंत?"

"काल चारचौघांत म्हणाला ना हा, की नकली आहे. माझ्या तोंडून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

त्यांनी ससाणा पुढे केला. मुन्ने मियाँनी तो दोन्ही हातांनी घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि डब्याच्या खाचेवर ठेवून अंगठ्यानं दाबला.

खट्.

मियाँनी डबा कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"मियाँ," नरहरराव कसेबसे म्हणाले, "माझं चुकलं. माफ करा. खोली तुमचीच आहे. ही गाडी तुमच्याशिवाय सुरूसुद्धा होत नाही."

ते मात्र खरं होतं. सकाळी गाडी कशी गोंजारायची, किती वेळा हॅन्डल मारायचं, कुठल्या क्षणी हात काढून घ्यायचा, हे त्या एका माणसालाच येत होतं. नरहररावांनी दहादा करून पाहिलं होतं आणि एकदा मनगट मोडून घेतलं होतं.

मुन्ने मियाँनी कमरेला बांधलेली खोलीची किल्ली सोडली आणि भोकवाला नकली ससाणा उचलून दोन्ही गोष्टी गाडीच्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"माफ किया, साहब," ते शांतपणे म्हणाले. "गाड़ी आपकी, ये भी आपका. पीतल ढालने की फाउंड्री तो आपने देख ही ली है. एक ड्राइवर भी ढलवा लीजिए."

ट्रंक काशिनाथांनी उचलली. डबा मात्र मियाँनी कोणाला उचलू दिला नाही.